संगणकाचा बिघाड आणि त्याची कबुली



यंत्र आले की बिघाड आलाच. बैलगाडीचा आस मोडतो, गिरणीतला पट्टा तुटतो, घरातला फ्यूज उडतो. या बिघाडांचा एक गुण असा की, ते डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात, निदान नाकाला जळका वास तरी येतो. संगणकाचे तसे नाही. त्याच्यात काय मोडले हे कोणालाच दिसत नाही. मोडल्याची वार्ता तेवढी पडद्यावर उमटते, आणि तीही त्या यंत्रानेच दिलेली असते. म्हणजे आरोपी तेच, साक्षीदार तेच आणि पंचनामा लिहिणारेही तेच! अशा पंचनाम्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि तो वाचावा कसा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे कोणी समजू नये. विजेचे बिल, बँकेचे व्यवहार, मुलांचे प्रवेशअर्ज, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, हे सारे आता संगणकावर किंवा खिशातल्या फोनवर होते. आणि तो फोन हाही एक संगणकच होय. पडद्यावर ‘एरर’ हा शब्द दिसताच पुष्कळ वडीलधारी माणसे आपला हात असा मागे घेतात की जणू त्यांच्या हातून काही अपराध घडला. वस्तुतः अपराध बहुधा त्यांचा नसतो. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे काही कळले ते पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून. पण कामगार चळवळीत राहून अपघातांच्या चौकशा पुष्कळ पाहिल्या. तेथे ‘काय झाले?’ हा प्रश्न मागाहून येतो, ‘कोणी केले?’ हा आधी येतो, आणि खापर फुटते ते यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर. म्हणून संगणकाच्या बाबतीत आपण क्रमाने तीन प्रश्न विचारू. बिघाड झाला हे यंत्राला कळते कसे? कळल्यावर ते काय करते? आणि आपल्याला काय सांगते?

प्रथम या यंत्राचा संसार कसा असतो ते पाहू. संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. एकात आपण पत्र लिहितो, दुसऱ्यात बातम्या वाचतो, तिसरा छपाईचे काम सांभाळतो. या सर्वांना आत राहावयास जागा लागते, तिला मेमरी म्हणतात. आणि काम करून देणारा जो मुख्य भाग, तो प्रोसेसर. जागेची आणि प्रोसेसरच्या वेळेची वाटणी करणारा जो प्रोग्रॅम, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड ही त्यांतली प्रसिद्ध नावे. एखाद्या मोठ्या चाळीची कल्पना करा. प्रोग्रॅम हे भाडेकरू, मेमरी म्हणजे खोल्या, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही चाळीची व्यवस्था पाहणारी. तिच्या अगदी आतल्या भागाला कर्नल म्हणतात. सर्व खोल्यांच्या किल्ल्या या कर्नलच्या कमरेला असतात. भाडेकरूकडे फक्त आपल्या खोलीची किल्ली.

आता पहिला प्रश्न. ज्या यंत्रमागांवर तशी सोय असते, त्यांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती टांगलेली असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. तुटक्या धाग्यानिशी कापड विणले जाऊ नये, ही त्यामागची योजना. आजच्या प्रोसेसरमध्ये अशाच काही पत्त्या बसविलेल्या आहेत. एखाद्या प्रोग्रॅमने आपली नसलेली खोली उघडण्याचा प्रयत्न केला, ज्याला काही अर्थच नाही असा हुकूम प्रोसेसरला दिला, किंवा, काही प्रोसेसरांच्या बाबतीत, एखाद्या पूर्णांकाला शून्याने भागावयास सांगितले, की प्रोसेसर ते काम तेथेच सोडतो आणि कारभार कर्नलच्या हाती देतो. यांतला पहिला प्रकार सर्वांत नेहमीचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हिशेबात कोठे तरी चूक राहते, आणि प्रोग्रॅम दहाव्या खोलीऐवजी शून्य क्रमांकाच्या खोलीचे दार ठोठावतो. ती खोली मुद्दामच कोणाला दिलेली नसते, म्हणून चोरी तत्काळ पकडली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पत्त्या ठराविक प्रकारचेच बिघाड ओळखतात. प्रोग्रॅमने बेरीज करावयाच्या जागी वजाबाकी केली, तर प्रोसेसरला त्याचे सुखदुःख नाही. तो निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. म्हणून जो प्रोग्रॅम कोसळतो तो सर्वांत वाईट, असे समजण्याचे कारण नाही. गाजावाजा करून थांबणारे यंत्र हे गुपचूप खोटे कापड विणणाऱ्या यंत्रापेक्षा पुष्कळ बरे.

दुसरा प्रश्न असा की, कळल्यावर पुढे काय होते. कर्नल प्रथम पाहते की चूक कोणाची. एखाद्या साध्या प्रोग्रॅमची असेल तर त्याला सावरण्याची एक संधी मिळते. सुज्ञ प्रोग्रॅम त्या संधीत आपले काम जतन करून ठेवतात. ज्याला सावरता येत नाही, त्याला कर्नल बंद करते, त्याची खोली रिकामी करून घेते, त्याने उघडलेल्या फायली मिटते, आणि इतर भाडेकरूंचे काम पूर्ववत चालू राहते. आपले जे लिखाण जतन करावयाचे राहून गेले, ते मात्र त्या खोलीबरोबर जाते.

हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु घरगुती संगणकाला ही शिस्त लागावयास सुमारे वीस वर्षे लागली. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला. त्यावरच्या डॉस नावाच्या सिस्टिमला खोल्यांना भिंती ठाऊकच नव्हत्या. एक प्रोग्रॅम बहकला की सर्व यंत्र जागच्या जागी गोठत असे, आणि मग कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबून पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. फ्लॉपी वाचता आली नाही तर डॉस विचारी, ‘अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?’ म्हणजे सोडून देऊ, पुन्हा पाहू, की दुर्लक्ष करू? दुर्लक्ष केल्यास माहितीचे काय होईल, हे सांगण्याची तसदी ते घेत नसे. १९८४ साली अ‍ॅपलचा मॅकिन्टॉश आला. त्यात सिस्टिम कोसळली की पेटत्या वातीच्या बॉम्बचे चित्र येई. ते सुसान केअर या चित्रकर्तीने काढले होते. घरात बसून पत्र लिहिणाऱ्या माणसाला एकाएकी बॉम्ब दाखविणे हा विनोद कितपत सुखाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे! १९८५ च्या अमिगा संगणकावर तर काळ्या पडद्यावर लुकलुकणारी लाल चौकट येई, तीत ‘गुरू मेडिटेशन’ असे शब्द आणि खाली अंकाक्षरांची लांबलचक रांग. गुरूचे ध्यान लागले खरे. शिष्याने काय करावे ते कोणी सांगत नव्हते.

भिंती बांधण्याची सोय प्रोसेसरमध्ये तोवर आलेलीच होती. इंटेल कंपनीच्या १९८२ च्या आणि त्याहून अधिक १९८५ च्या प्रोसेसरने ती दिली. पण घराघरांत जुने प्रोग्रॅम होते, ते नव्या भिंतींना मानवणारे नव्हते. म्हणून घरगुती सिस्टिममध्ये भिंती अर्ध्यामुर्ध्याच उभ्या राहिल्या. विंडोज ९५ मध्ये भिंती होत्या, तथापि काही सामाईक जागा तशाच उघड्या राहिल्या. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना एक स्कॅनर जोडला गेला, आणि हजारो प्रेक्षकांसमोर पडदा निळा झाला. गेट्स यांनी हसून वेळ मारून नेली, की म्हणूनच तर हा माल अजून बाजारात आणलेला नाही! पुरत्या भिंती असलेली विंडोज एनटी ही सिस्टिम १९९३ पासून कचेऱ्यांत होती. तिचा पाया घेतलेली विंडोज एक्सपी २००१ साली घरांत आली. त्याच वर्षी अ‍ॅपलनेही मॅक ओएस टेन ही नवी सिस्टिम आणून भिंती पक्क्या केल्या.

बिघाडाचा दुसरा प्रकार म्हणजे प्रोग्रॅम ‘हँग’ होणे. तो कोसळत नाही, पण उत्तरही देत नाही. चाळीच्या सार्वजनिक नळाचा दृष्टान्त घ्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये असा रिवाज होता की, प्रत्येकाने आपले पाणी भरून झाले की स्वतःहून बाजूला व्हावे. एकजण नळाला चिकटून बसला की सर्व चाळ तहानलेली. पुढच्या सिस्टिममध्ये कर्नलने घड्याळ हाती घेतले. वेळ संपली की ती हात धरून बाजूला करते आणि पुढच्याला पाणी देते. म्हणून आज एक प्रोग्रॅम अडला तरी दुसरे चालतात. अडलेला कसा ओळखावा? आपण कळ दाबली किंवा पडद्याला बोट लावले की तो निरोप त्या प्रोग्रॅमच्या दारात ठेवला जातो. पाच सेकंदांत त्याने निरोप उचललाच नाही, तर विंडोज त्याच्या नावापुढे ‘नॉट रिस्पाँडिंग’ असा शेरा मारते. अँड्रॉइड फोनवरही पाच सेकंदांचीच मर्यादा आहे. त्यानंतर तो विचारतो, थांबता की बंद करू? येथे घाई करू नये. प्रोग्रॅम मेलेला असेलच असे नाही. एखादे मोठे काम डोक्यावर घेऊन तो धापा टाकीत असेल. मिनिटभर वाट पाहण्यात पुष्कळदा तासाभराचे काम वाचते.

आता सर्वांत भयंकर दिसणारा प्रकार, तो निळा पडदा. चूक भाडेकरूची असली तर त्याला बाहेर काढता येते. पण ज्याच्या कमरेला सर्व किल्ल्या, त्या कर्नललाच भ्रम झाला तर? मग कोणत्या खोलीत काय गेले याची शाश्वती उरत नाही. अशा वेळी काम चालू ठेवले तर डिस्कवरच्या चांगल्या कागदांवरही खोटे लिहिले जाण्याचे भय असते. म्हणून कर्नल सर्व यंत्र तेथल्या तेथे थांबवते, त्या क्षणाची जेवढी नोंद ठेवता येईल तेवढी ठेवते, आणि यंत्र पुन्हा सुरू होते. निळा पडदा हा अपघात नव्हे, अपघात पसरू नये म्हणून ओढलेली साखळी आहे. पण साखळी ओढण्याची पाळी बहुधा कोणामुळे येते? प्रिंटर, पडदा, नेटवर्क यांच्याशी बोलणारे ड्रायव्हर नावाचे प्रोग्रॅम, आणि विषाणूंपासून रक्षण करणारे काही पहारेकरी, यांना कर्नलच्या शेजारी, त्याच किल्ल्यांनिशी बसविलेले असते. त्यांतला एक चुकला की चूक कर्नलचीच ठरते.

याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचा असा एक पहारेकरी प्रोग्रॅम कचेऱ्यांतल्या विंडोज संगणकांवर बसविलेला होता. त्याला पाठविलेल्या एका सदोष माहितीच्या फायलीमुळे तो आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचू गेला आणि यंत्रे निळी पडली. ती पुन्हा सुरू होत, तीच फाईल वाचीत आणि पुन्हा पडत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी यंत्रे सुमारे ८५ लाख होती. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी! तेवढ्यानेही विमानसेवा, इस्पितळे आणि बँका अडल्या; आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने सदोष फाईल सुमारे सव्वा तासात मागे घेतली. परंतु पडलेली यंत्रे उभी करावयास असंख्य ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे जाऊन बसावे लागले. त्या दिवशी काउंटरवर बसलेल्या कारकुनांनी प्रवाशांची बोलणी खाल्ली. त्यांचा यात तिळमात्र दोष नव्हता.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. यंत्र आपल्याला सांगते काय, आणि कोणत्या भाषेत? विंडोज ९५ चे एक वाक्य जगप्रसिद्ध आहे. प्रोग्रॅम बंद पडला की लिहून येई, या प्रोग्रॅमने ‘इल्लीगल ऑपरेशन’ केले आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. तंत्रज्ञांच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच की, प्रोसेसरला न मानवणारा हुकूम दिला गेला. पण ‘इल्लीगल’ म्हणजे बेकायदेशीर, हे शाळकरी पोरालाही कळते. वाचणाऱ्याला वाटे, कायदा मोडला तो आपणच! चूक कारखान्यात राहिलेली, आणि धास्ती घेतली ती गिऱ्हाइकाने. पुढे शब्द सौम्य झाले. २०१२ च्या विंडोज ८ पासून निळ्या पडद्यावर उदास चेहरा आला आणि यंत्राला अडचण आली आहे असे साधे वाक्य आले. २०१६ पासून फोनने टिपावयाचा क्यूआर कोड आला. २०२५ साली विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याचा काळा झाला. शब्द सौम्य झाले हे बरे झाले. पण सौम्य शब्द म्हणजे खरे उत्तर नव्हे. ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगणारा संदेश हा ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असे सांगणाऱ्या शिपायासारखा असतो.

चांगल्या संदेशाने तीन गोष्टी सांगावयास हव्यात. काय झाले, माझ्या कामाचे काय झाले, आणि आता मी काय करू. ‘डिस्क भरली आहे, पत्र जतन झालेले नाही, काही फायली काढून पुन्हा जतन करा’ हा संदेश शहाणा. ‘एरर’ आणि पुढे आठ आकडे हा संदेश दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी असेल, वापरणाऱ्याला नव्हे. विंडोज आणि अँड्रॉइड मराठीतूनही चालविता येतात. पण शब्द मराठी झाले आणि आशय आकड्यांतच राहिला, तर त्या मराठीचा लाभ अर्धाच.

वाईट संदेशाचे फळ घरगुती यंत्रात त्रासापुरते असते; अन्यत्र ते किती कडू होते ते एका उदाहरणाने कळेल. थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनडात बनलेले एक यंत्र होते. त्याच्या प्रोग्रॅममधील दोषांमुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा बसली आणि त्यांतले काही दगावले. यंत्र संदेश देत होते, पण तो असा: ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे काय, हे चालविणाऱ्याला कोणी समजावून दिलेले नव्हते. असे अर्थहीन संदेश वारंवार येत, आणि एक कळ दाबली की काम पुढे चालू होई. ओरडण्याची सवय झालेल्या पहारेकऱ्याकडे कोण लक्ष देतो? संदेश न वाचता ‘ओके’ दाबावयाची जी सवय आपल्याला लागली आहे, ती आपल्या आळसातून आलेली नाही. निरर्थक संदेशांनी ती आपल्याला लावली आहे.

मग सुधारणा झाली ती कशी? एकेका घरातून कुरकुर होत होती तोवर कारखान्याला पत्ता नव्हता. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून प्रोग्रॅम कोसळला की ‘अहवाल पाठवू का?’ असे विचारले जाऊ लागले. हे अहवाल एकत्र येताच एक मौजेची गोष्ट उघड झाली. मायक्रोसॉफ्टचे त्या वेळचे प्रमुख स्टीव बामर यांनी २००२ साली लिहिले की, एकूण दोषांपैकी सुमारे २० टक्के दोषच ८० टक्के बिघाडांना कारण आहेत, आणि केवळ एक टक्का दोष निम्म्या बिघाडांना. म्हणजे मूठभर चुका दुरुस्त केल्या की लक्षावधी लोकांचा त्रास वाचतो. पण त्या कोणत्या, हे लक्षावधी तक्रारी एका ठिकाणी मांडल्याखेरीज कळत नाही. संघटनेत काम करणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. एकट्याची तक्रार ही कुरकुर ठरते. हजारांची नोंद हा पुरावा ठरतो. मात्र अहवालात मेमरीचा तुकडाही जाऊ शकतो, आणि त्यात आपल्या खाजगी मजकुराचा अंश असू शकतो. तेव्हा काय पाठविले जाते हे विचारण्याचा हक्क सोडू नये.

आता आपण काय करावे ते थोडक्यात सांगतो. संदेश आला की प्रथम वाचावा, आणि कागदावर उतरून घ्यावा किंवा फोनने त्याचे छायाचित्र काढावे. कोणता प्रोग्रॅम, किती वाजता, आपण त्या वेळी काय करीत होतो आणि आदल्या दिवशी नवीन काय बसविले होते, एवढे टिपले की दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम झाले. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक रोजनिशी असते. तीत कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम पडला याची नोंद तारीखवार सापडते. लिखाण वरचेवर जतन करावे आणि त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची, कारण येथे प्रश्न कष्टाच्या पैशाचा आहे. इंटरनेट पाहता पाहता एकाएकी सर्व पडदा भरून इशारा येतो, भोंगा वाजतो, यंत्रात विषाणू शिरला आहे असे म्हटलेले असते, आणि खाली फोन नंबर असतो. हा संदेश ऑपरेटिंग सिस्टिमचा नसतो. ते एक साधे वेबपान असते, बिघाडाचे सोंग घेतलेले. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट जाहीर केले आहे की, तिच्या खऱ्या संदेशांत फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरावर फोन केला की पलीकडचा गोड बोलणारा माणूस आपल्या यंत्रात शिरावयास परवानगी मागतो आणि बँकेचे खाते रिकामे करतो. तेव्हा फोन करू नये, ब्राउझर बंद करावा, बंद होत नसेल तर यंत्रच बंद करावे. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. ही फसवणूक ज्या भीतीवर जगते, ती भीती वर्षानुवर्षांच्या दुर्बोध संदेशांनीच आपल्या मनात पेरलेली आहे.

तात्पर्य, बिघाड न होणारे यंत्र माणसाने अजून केलेले नाही, आणि तसा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण चूक एका खोलीपुरती राहावी, ती झाकली जाऊ नये, ज्याला समजावयास हवी त्याला समजेल अशा शब्दांत सांगितली जावी, आणि ज्याची आहे त्याच्याच नावावर लिहिली जावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. यांतली पहिली गोष्ट इंजिनियरांनी बऱ्याच अंशी साधली. उरलेल्या तीन गोष्टी मिळवावयाच्या तर यंत्रासमोर बसणाऱ्याने मान खाली घालून ‘ओके’ दाबणे सोडून, पडद्याकडे पाहून ‘काय झाले ते नीट सांगा’ असे विचारावयास लागले पाहिजे.